आनफिन पोस्टमन कोपनहेगनला गेला, तेव्हा

आनफिन वारला त्याच्या तिसऱ्या दिवशी पाद्री माझ्याकडे आला आणि म्हणाला, "साकारिस, त्याच्यावर दोन पानं लिहून द्या. पंचेचाळीस वर्षं तुमचा मेव्हणा होता, तुमच्याइतकं त्याला कोण ओळखतं?" मी लिहून दिली. प्रेमळ, कष्टाळू, देवभीरू. चर्चमध्ये ती वाचली गेली, बायका रडल्या, माझी बायको राकुल तर हुंदके देऊन रडली, कारण भाऊ तिचाच. त्या दोन पानांत खोटं काही नव्हतं. फक्त एक गोष्ट त्यात नव्हती, ती ही, की मी जन्मभर या माणसाचा हेवा केला.

हेवा करावा असं त्याच्याकडे होतं तरी काय? आठवड्यातून तीन दिवस पाठीवर टपालाची पिशवी टाकून तो डोंगर ओलांडायचा आणि बेटाच्या पलीकडच्या गावात पत्रं, वर्तमानपत्रं, औषधाच्या बाटल्या द्यायचा. एकदा पिशवीतून कोंबडा नेला होता. जाताना सहा मैल, येताना सहा मैल. धुकं असो, हिमवादळ असो, सुट्टी नाही. पाकिटावरचे पत्ते सोडले तर तो फारसं वाचत नसे. दोन खोल्यांचं घर, अकरा मेंढ्या आणि नाकावर कायमची लाली. लग्न केलं नाही. हे सगळं मला फुकट दिलं असतं तरी मी घेतलं नसतं.

पण त्याच्याकडे मोठं गाणं होतं.

नाताळापासून उपासाच्या दिवसांपर्यंत आमच्याकडे नाच चालतो. वाद्य नाही, काही नाही. हातात हात घालून कडं करायचं, डावीकडे दोन पावलं, उजवीकडे एक, आणि गायचं. एकजण पुढाकार घेऊन कडवं उचलतो, बाकीचे त्याच्यामागून. तो पुढारी चुकला, अडला, तर पाय थांबवायचे नाहीत. ज्याला पुढचं येत असेल त्याने उचलायचं, आणि ज्याने उचललं, त्या घटकेपासून गाणं त्याचं. मागून कुणी तक्रार करायची नाही. प्रत्येक गावाचं आपापलं एक मोठं गाणं असतं. आमचं दोनशे दहा कडव्यांचं. सात वर्षं समुद्रावर हरवलेला राजा घरी येतो आणि राणी दुसऱ्याशी लग्नाला उभी असते, त्याची ती गोष्ट.

हे गाणं आमच्या घराण्याचं. आजोबांनी ते वहीत उतरवलं होतं, आजोबांनंतर वडील पुढारी झाले आणि वडिलांनंतर मी. मी चार वर्षं कडं चालवलं. मग एका हिवाळ्यात माझा घसा बसला, आणि आनफिनने गाणं उचललं. घसा पंधरा दिवसांत बरा झाला, पण कडं जमलं की लोक त्याच्याकडे बघायला लागले. मला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

एकसष्ट सालच्या जानेवारीत तो दारात उभा राहिला, बुटांवरचा बर्फ झाडत. हातात पत्र.

"दाजी, आज माझ्याच नावाचं पत्र आलंय. वाचून दाखवता का? मला वाटतं काहीतरी गडबड आहे."

पत्र कोपनहेगनहून आलं होतं. तिथे राहणाऱ्या आमच्या बेटांवरच्या मंडळींनी उपासाआधीच्या सोमवारी नाच ठरवला होता. आमच्या गावचं मोठं गाणं पुरं म्हणणारा माणूस हवा होता. त्याचा आणि त्याच्या सोबत्याचा जहाजाचा खर्च ते करणार होते. विद्यापीठातला लायवुर नावाचा एक तरुण, तोही आपल्यातलाच, ते गाणं यंत्रावर धरून ठेवणार होता, आणि ज्याने गाणं म्हटलं त्याचं नाव रिळाच्या पेटीवर लिहून ती पेटी कायमची जपली जाणार होती.

मी हे सगळं वाचून दाखवलं, आवाज न बदलता. आत मात्र असा भडका उडाला होता की विचारू नका.

"हे तुमच्याकडे यायला हवं होतं, दाजी," तो म्हणाला. "वही तुमच्या घरात. माझं नाव कुणी कळवलं कोण जाणे."

"जा की. माझी कुठे ना आहे?"

"एकट्याला नाही जमायचं मला. मी तर तोर्शाव्हनच्या बंदरापलीकडे पाऊल टाकलेलं नाही. तुम्ही सोबत चला. चलाल ना?"

तो मनापासून विचारत होता. एखादा माणूस आपल्या डोक्यावर मिरे वाटत असेल तर त्याला शिव्या तरी घालता येतात. याला काय म्हणणार? तो गेल्यावर राकुल विणकाम खाली न ठेवता म्हणाली, "पोटात दुखतंय का हो? काढा देऊ?"

"मला काही झालेलं नाही."

"तेच म्हणते मी. चेहरा नुसता आंबलेल्या दुधासारखा झालाय. जा त्याच्याबरोबर आणि माझ्या भावाला सांभाळून आणा. त्याला रस्ता ओलांडता येत नाही."

जहाजावर दोन दिवस मी बादलीत तोंड घालून पडलो होतो, आणि तो खलाशांच्या मांडीला मांडी लावून पत्ते खेळत होता. आम्ही दोघेही कोपनहेगनला पहिल्यांदाच चाललो होतो. मी मात्र त्या शहराबद्दल चार पुस्तकं वाचलेली होती, त्यामुळे धक्क्यावर उतरल्यावर मी त्याला माहिती सांगायला लागलो. हा राजवाडा, ते अमुक, ते तमुक. तो ऐकत नव्हता. त्याने एकदा गोल फिरून सगळीकडे पाहिलं.

"दाजी, यांनी डोंगर कुठे ठेवलाय?"

"इथे डोंगर नसतो."

"मग माणसाला कळतं कसं, आपण किती आलो ते?"

आमच्या बेटांवर झाडं नाहीत, म्हणून झाडांखालून जाताना तो मान वर करून चालला. फेब्रुवारीत झाडांना पान नसतं, त्याने हलकेच विचारलं, "एवढी सगळी मेली?" मागून येणारी शाळेची पोरं फिदीफिदी हसली. मला लाज वाटली. त्याला नाही वाटली, तो त्यांच्याबरोबर हसला.

होल्मबाई नावाच्या विधवेच्या घरी आमची सोय केली होती. घरून पेटीत घालून आम्ही वाऱ्यावर वाळवलेलं मेंढीचं तंगडं आणलं होतं. त्याचा वास आल्याबरोबर बाईंनी ते खिडकीबाहेर टांगायला लावलं आणि आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्हालाही तिथेच टांगणार होत्या. पण दुसऱ्या सकाळी आनफिनच्या ताटलीत दोन अंडी होती आणि माझ्यात एक. त्याने पहाटे उठून त्यांचा कोळसा वर आणून दिला होता. तोडकंमोडकं, शाळेतल्या पुस्तकासारखं डॅनिश तो बोलायचा, माझं डॅनिश त्याच्याहून दहापट चांगलं. तरी दोन दिवसांत पाववाला त्याला नावाने हाक मारत होता, आणि सायकलवरचा त्या भागातला पोस्टमन त्याला बघून टोपीला हात लावत होता. मला कुणी कुत्र्यानेही ओळख दाखवली नाही.

शनिवारी आणि रविवारी सकाळी तो एकटाच बाहेर पडला. कुठे जातो म्हणून रविवारी मी मागे मागे गेलो. बघतो तर, तो एकेक पाऊल मोजत चाललाय आणि तोंडाने पुटपुटतोय. पाववाल्याच्या दारात थांबला, पुटपुटला. दिव्याच्या खांबाला हात लावला, पुटपुटला. पुलावर प्रत्येक कठड्यापाशी थांबला. मासळीच्या धक्क्यावर, जिथे रुमाल बांधलेल्या कोळणी रोजच्याला बसतात, तिथे पोचला आणि मागे वळला. मी समोरच होतो.

"हे काय चाललंय?"

तो जरा लाजला. "कडवी माझ्या डोक्यात राहत नाहीत, दाजी. वाटेवर राहतात. आपल्या डोंगरावर बघा, पहिलं कडवं माझ्या दारात, दहावं ओढ्यापाशी, चाळिसावं त्या फुटक्या दगडापाशी. वाटेने निघालो की आपोआप येतात. इथे ती वाट नाही, आणि डोळ्यांसमोर आणायला गेलो तर या गाड्या मध्ये येतात. म्हणून इथल्याच वाटेवर मांडतोय."

"कुठवर आलं?"

"चौऱ्याण्णव. इथे, या कोळणींपर्यंत. उरलेली उद्या सकाळी मांडतो. नाच तीन वाजता आहे, तोवर होईल."

आता मी जे केलं ते सांगतो. मला ते सुचायला फार वेळ लागला नाही, हेही सांगतो.

सोमवारी सकाळी तो बुटांच्या नाड्या बांधत असताना मी म्हणालो, "आनफिन, अरे आपल्या गावची तीन घरं आहेत इथे. आपण येऊन तीन दिवस झाले. कॉफीला गेलो नाही तर काय म्हणतील?"

आमच्या बेटांवर हे गमतीचं नसतं. नातेवाइकाच्या गावात जाऊन त्याच्याकडची कॉफी न घेता परतणं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखं. माझ्या आत्याने अशा एका न घेतलेल्या कॉफीवरून चुलतभावाशी अकरा वर्षं अबोला धरला होता. आनफिनचा चेहरा पडला.

"नाचानंतर जाऊ या, दाजी?"

"नाचाला ते सगळे येणारच. तिथे आपण त्यांना तोंड कसं दाखवायचं?"

तो निघाला. पहिलं घर नर्सचं, दुसरं शिंपिणीचं. तिसरं माझ्या दूरच्या मावशीचं, तिचा नवरा जहाजावर असायचा. प्रत्येक ठिकाणी कॉफी, साखरेचा पाव, लोण्याचा केक, मग पुन्हा कॉफी. तंगड्याचा तुकडा आम्ही प्रत्येकीला कापून दिला. नर्सने तो हातात धरला आणि ढसाढसा रडली, सात वर्षांत घरी गेली नव्हती. मी गावच्या बातम्या सांगत बसलो. कोण मेलं, कुणाची मेंढी कड्यावरून पडली, पाद्र्याचं कुणाशी वाजलं. एवढा बोलका मी आयुष्यात कधी झालो नव्हतो. आनफिन घड्याळाकडे बघत होता. मावशीच्या घरी तो शेवटी उठला.

"मी जरा पाय मोकळे करून येतो."

"कॉफी टाकून?" मी म्हणालो.

मावशीचा हात किटलीवरच थांबला. आनफिन खाली बसला. आम्ही तिथून निघालो तेव्हा अडीच वाजले होते.

नाच एका दुमजली घराच्या वरच्या दालनात होता. शंभरएक माणसं असतील: नर्सा, मोलकरणी, खलाशी, विद्यार्थी, चार म्हातारे. लायवुरने दिव्याच्या साखळीला यंत्राचा आवाज टिपणारा गोळा टांगला होता आणि कोपऱ्यात यंत्र मांडून बसला होता. कडं झालं. आनफिन पुढे, त्याचा डावा हात माझ्या हातात. त्याने पहिलं कडवं उचललं, आणि जमीन हलायला लागली.

काय म्हणायचा तो! मत्सराने जळत असतानाही मला हे म्हणावं लागतं. आवाज गोड नव्हता, जाडाभरडाच होता, पण राजा समुद्रावर हरवला म्हटलं की तुम्ही हरवलातच. पन्नासाव्या कडव्याला खालच्या मजल्यावरचा माणूस तक्रार करायला आला आणि कड्यात शिरला. मी मनात मोजत होतो. ऐंशी. नव्वद. पुलाचे कठडे संपले असतील. चौऱ्याण्णव.

त्याचा हात माझ्या हातात गार पडला. पाय चालू होते, शंभर माणसांचे पाय चालू होते, धप धप, आणि गाणं नव्हतं.

मला पंचाण्णवावं येत होतं. लगेच उचललं असतं तर ते कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. नुसता आवाज बदलला असं वाटलं असतं. पण मी एक फेरी थांबलो. त्याला आठवतंय का हे बघायला नव्हे. तो अडला हे सगळ्यांना कळावं म्हणून. आणि मग मी उचललं.

पुढची काही कडवी माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची होती. खोटं कशाला बोलू? शंभर माणसं माझ्यामागून येत होती, यंत्राचं चाक माझ्यासाठी फिरत होतं, वर आजोबा ऐकत असतील असं वाटत होतं. एकशे अठ्ठाविसावं झालं आणि माझ्या तोंडातले शब्द संपले.

कारण वही तिथेच संपते. वडिलांच्या वेळी छत गळलं आणि पुढची पानं भिजून लगदा झाली. ही गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नव्हती. वडिलांकडून मी पुढचं कानाने शिकायला हवं होतं, पण वही आहे की, म्हणून कधी शिकलो नाही. चार वर्षं मी पुढारी होतो तेव्हाही शेवटची कडवी दोन-चार जाणती माणसं ओढून न्यायची. इथे तसं कुणी नव्हतं.

तेवढ्यात कानाशी आवाज आला. "राणी म्हणाली..." आनफिन. त्याने डोळे मिटले होते. त्या रात्री मला म्हणाला की पुढारीपण गेल्यावर डोक्यातल्या गाड्या थांबल्या आणि तो घरच्या वाटेला लागला. त्याला ते कडवं उचलता आलं असतं. रीतच होती तशी. उचललं असतं तर गाणं पुन्हा त्याचं झालं असतं आणि पेटीवर नाव त्याचं लागलं असतं. त्याने माझा हात दाबला आणि कुजबुजत पहिले दोन शब्द दिले. मी कडवं उचललं. पुढच्याला पुन्हा दोन शब्द. ब्याऐंशी कडवी त्याने मला अशी भरवली, आणि कड्यातल्या एकालाही ते कळलं नाही. शेवटी लोकांनी मला मिठ्या मारल्या. एका म्हाताऱ्या खलाशाने माझा हात ओठांना लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लायवुरने आम्हाला त्याच्या खोलीत बोलावलं, कॉफी दिली आणि रीळ लावलं. आधी आनफिन, मग ती रिकामी फेरी, नुसते पाय, मग मी. एकशे अठ्ठाविसाव्यानंतर लायवुरने भुवया उंचावल्या. यंत्राने सगळं ऐकलं होतं. प्रत्येक कडव्याआधी तो जाडाभरडा आवाज, हलका पण स्पष्ट.

"कमाल आहे," लायवुर म्हणाला. "कुणीतरी तुम्हाला शब्द देतंय, साकारिसकाका. कोण आहे हा?"

मी आनफिनकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. आजवर मी अडलो की तो आपण होऊन पुढे यायचा. या वेळी आला नाही. कप हातात धरून तो वाट बघत बसला.

"गर्दीतला कुणीतरी असेल," मी म्हणालो.

लायवुरने आनफिनकडे मान वळवली.

"असेल," आनफिन म्हणाला. "गर्दी होतीच." आणि त्याने कॉफीत साखरेचा दुसरा खडा टाकला.

पेटीवर लायवुरने लिहिलं: गायक साकारिस. त्याखाली, आरंभीची कडवी आनफिन. त्याखाली, एक अनोळखी आवाज.

गावात परतल्यावर कडं जमलं, लोकांनी सवयीने आनफिनकडे पाहिलं, आणि त्याने माझ्याकडे बोट केलं. "कोपनहेगनला दाजींनी उचललं. आता गाणं त्यांचं." रीत ती रीत. बावीस हिवाळे मोठं गाणं मी म्हटलं. बावीस हिवाळे तो माझ्या उजव्या हाताला उभा राहिला आणि एकशे अठ्ठाविसाव्यापासून शब्द देत राहिला. कोपनहेगननंतर त्याबद्दल तो माझ्याशी कधी बोलला नाही, मी त्याच्याशी नाही. मी ती कडवी तेव्हा शिकू शकलो असतो. पण शिकव म्हणून त्याच्यापुढे बसायचं, हे मला जमलं नाही.

आता तो गेला. नाताळाला तीन आठवडे उरलेत. जुनी जाणती माणसं केव्हाच गेली, शेवटची ब्याऐंशी कडवी आता गावात कुणालाच येत नाहीत. ती फक्त कोपनहेगनच्या त्या रिळात आहेत. रीळ आलं की सगळं गाव जमून ऐकणार, आणि गाव तो आवाज पहिल्या शब्दाला ओळखणार. राकुल तर सर्वांत आधी.

लायवुरला मी पत्र लिहिलंय. रीळ पाठव, आणि अनोळखी लिहिलंय तिथे माझ्या मेव्हण्याचं नाव घाल. पाकीट बंद करून पाच दिवस झाले. नवा पोस्टमन मोटारीतून रोज दारावरून जातो, हॉर्न वाजवतो, क्षणभर थांबतो. मी अजून उठलेलो नाही.